पातळ सरस

खोताच्या वाडीत राहणारे आणि बास वाजवणारे इनास फोन्सेका यांना १८९७ सालच्या मार्च महिन्यात, ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या दिवसांतल्या एका गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमारास प्लेगच्या तपासणी पथकाने छावणीत नेले. त्यांना प्लेग झालेला नव्हता. त्यांचे वाद्य त्या वेळी ओसरीवर दोन भागांत उघडे पडले होते, आणि ते जोडण्याचा सरस चुलीवर तयार होता.

मी समोरच्या घरात माडीवर राहत होतो आणि गिरगावातल्या एका मराठी वर्तमानपत्रात नोकरीला होतो. पुढे लिहिले आहे त्यातले बहुतेक मी स्वतः पाहिले. जे पाहिले नाही, ते कोणी सांगितले हे त्या त्या ठिकाणी नमूद केले आहे. वाडीत सगळे फोन्सेकांना इनासमामा म्हणत; त्यांची बोली मी आठवली तशी लिहिली आहे. काही शब्द निसटले असतील.

बास हे वाद्य ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी: व्हायोलिनच्याच घाटाचे, पण पुरुषभर उंचीहून मोठे. वाजवणारा त्याच्या शेजारी उभा राहतो, डावा हात त्याच्या गळ्यावर असतो आणि उजव्या हातात आखूड, जाड कमान. तारा मेंढीच्या आतड्याच्या, करंगळीएवढ्या. आवाज इतका खालचा की दूर बसलेल्याला तो कानांपेक्षा बाकाच्या लाकडातून आधी कळतो. इनासमामांचे बास त्यांच्या वडिलांनी विलायतेला परत निघालेल्या एका पलटणीच्या बँडकडून घेतले होते. वाडीतली माणसे त्याला ‘हत्ती’ म्हणत. मामांची विधवा बहीण मागदूबाई त्यांच्याकडे राहत असे. ती ‘तुझी म्हातारी’ म्हणे. मामांनी लग्न केले नव्हते.

वाडीत राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना प्रथम पाहिले. ओसरीवर बास भिंतीला टेकवलेले, कमान मांडीवर, समोर खुर्चीच्या पाठीला एक कागद टाचलेला. मामा पायाच्या अंगठ्याने जमिनीवर ठोका देत मोजत होते. “एक-दोन-तीन-चार. दोन-दोन-तीन-चार. तीन-दोन-तीन-चार.” चार ठोक्यांचा एक खण. दोन-तीन मिनिटे तेच चालले. मग ते उठले, एकच लांब सूर ओढला, कमान पुसली आणि कागद काढून घेतला.

मी खिडकीतून विचारले, “झालं एवढ्यात?”

“झालं.”

“पण वाजवलंत कुठे?”

“माझं तेवढंच हाय, भाऊ. तीस खण गप राहायचं, एकतिसाव्यात सूर द्यायचा. सूर कोनपन देईल. गप राहता आलं पायजे.”

आतून मागदूबाईंचा आवाज आला, “चाळीस वर्सं गप राहायला शिकतोय, आनि घरात तोंड एक घटका बंद नाय.”

हे खोटे नव्हते. मामा बोलके होते. पण जे वाजवायचे नाही ते मोजण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नाही. रविवारी ते चर्चमध्ये वाजवत, आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी ग्रँट रोडच्या नाटकगृहात, आणि थंडीत मलबार हिलच्या बंगल्यांतल्या नाचांना. तीन ठिकाणचे तीन तऱ्हेचे संगीत, पण बासचे काम सगळीकडे सारखेच: बाकीचे पुढे धावत असताना खाली थांबून राहणे. तरुणपणी एका लग्नाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या विधीला, ते एक खण आधी शिरले होते. ती गोष्ट त्यांनी मला निदान सहा वेळा सांगितली. “त्या नवराबायकोला सात पोरं झाली. थोरल्याला मिशा फुटल्या. त्यांना आठवत पन नाय. मना अजून तो सूर ऐकू येतो.”

त्यांना मराठी वाचता येत नव्हते, इंग्रजी तर नाहीच. स्वरलिपी मात्र ते, आमच्या कचेरीतला मुद्रितशोधक प्रुफे वाचतो त्याहून झपाट्याने वाचत. लहानपणी चर्चच्या शाळेत पाद्रीबाबांच्या वेताखाली शिकले होते. साठीला आल्यावर डोळे मंदावले आणि छापलेले बारीक स्वर एकमेकांत मिसळू लागले. तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याचे सगळे कागद मोठ्या अक्षरात उतरवून काढायला घेतले. माझ्याकडून ते कचेरीतली वाया गेलेली प्रुफे मागून नेत, कारण ती एका बाजूला कोरी असत. तांबटाकडून त्यांनी पितळी पत्र्याचा पाच दातांचा टाक करून घेतला होता. तो शाईत बुडवून ओढला की पाच रेघा एकदम उमटत. त्यावर करवंदाएवढे स्वर काढत. मी एकदा म्हणालो, “मामा, हे पलीकडच्या माडीवरून माझ्याने वाचवेल.”

“मंग वाचा. मी आजारी पडलो तर तुमी उभे राहा.”

ही प्रुफे एकदा नडली. चर्चमध्ये त्यांच्या कागदाची पाठ वेदीकडे होती, आणि त्या पाठीवर मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात छापलेली होती. मिस्सा संपल्यावर पाद्रीबाबांनी त्यांना बोलावून, औषध गुणकारी आहे का, असे विचारले. हे मला मागदूबाईंनी सांगितले. मामांनी नाकारले नाही.

बास नेणे-आणणे हा रोजचा प्रश्न होता. घोड्याच्या ट्रामवाल्याने एकदा विचारले, “ह्याला बसवनार कुठं?” मामा म्हणाले, “त्याला बसता येत नाय, तो उभाच असतो.” ट्राम निघून गेली. तेव्हापासून हातगाडी ठरली. गाडीवाला पुढे, मागे मामा, बासच्या गळ्यावर हात ठेवून. रस्त्यात खड्डा आला की “सावकाश, सावकाश.” गाडीवाला घाटावरचा होता. तो एकदा वळून म्हणाला, “अवो, आत कोन बाळंतीन हाय का?”

वाजवून झाल्यावर कमानीला लावलेल्या राळेची, तारांवर पडलेली पांढरी भुकटी ते मऊ फडक्याने पुसत, तारांना बदामाच्या तेलाचे बोट लावत. बासच्या पोटात कडुलिंबाची पाने आणि कापराची पुरचुंडी सोडलेली असे, वाळवीसाठी. विलायती तारांची पेटी एकदा वेळेवर आली नाही, तेव्हा भायखळ्याच्या एका पिंजाऱ्याकडून कापूस पिंजायच्या धनुकलीची तात आणून त्यांनी चढवली. ती पाच दिवस टिकली. पिंजारी रविवारी चर्चच्या दारात उभा राहून ऐकून गेला आणि म्हणाला, “मेरी तांत ऐसा भी बोलती है, मुझे मालूम नहीं था.”

त्यांच्या डाव्या काखेत एक गाठ होती, लिंबाएवढी, मऊ. पंधरा वर्षांपासूनची. तिच्यामुळे त्यांचा डावा हात अंगापासून जरा दूर राही. वाडीतल्या सगळ्यांना ती ठाऊक होती. ते म्हणत, “हत्ती उचलून उचलून आली. हाय बिचारी, काय मागत नाय.”

उपवासाच्या चाळीस दिवसांत चर्चमध्ये वाद्ये वाजत नाहीत. ख्रिस्ती घरांत लग्ने होत नाहीत, नाच नसतात. ईस्टरच्या आदल्या शनिवारी ग्लोरिया हे स्तोत्र म्हटले जाते, घंटा वाजतात आणि वाद्ये पुन्हा सुरू होतात. या सुट्टीत मामा दर वर्षी बास उघडत. वरची फळी आणि कडा यांच्या जोडात पातळ पात्याची सुरी घालून, थेंब थेंब पाणी सोडत, ती ते चारी बाजूंनी मोकळी करत. फळी निघाली की आतली धूळ, किडे, सैल झालेल्या पट्ट्या पाहायच्या, दुरुस्त करायच्या आणि फळी पुन्हा बसवायची. पहिल्या वर्षी मी ते पाहिले तेव्हा मला वाटले, त्यांनी वाद्य मोडले.

जनावरांच्या कातड्याचा सरस भिजवून, कढवून ते फार पातळ करत. मी विचारले, एवढ्या मोठ्या वाद्याला इतका दुबळा सरस कसा पुरेल?

त्यावर त्यांनी कमान खाली ठेवली. कमान खाली ठेवली म्हणजे ते मनापासून बोलत आहेत असे समजायचे. “लाकूड पावसात फुगतं, भाऊ. थंडीचा वारा सुटला की आकसतं. तवा ते जागा मागतं. सरस पातळ असला तर जोड सुटतो. सुटला की फट् करून आवाज येतो, मी उठतो, परत चिकटवतो. सरस घट्ट असला तर जोड सुटत नाय, मंग लाकूड फाटतं. जोड सुटला तर मी हाय. लाकूड फाटलं तर कोन हाय?”

त्या वर्षी, १८९७ त, वाडी निम्मी रिकामी होती. ज्यांची गावे होती ते गावी गेले होते. आमच्या कचेरीत पाच माणसांचे काम आम्ही दोघे करत होतो, आणि त्यातले बरेचसे मृतांचे आकडे लिहिण्याचे होते. नाटकगृह बंद होते. मामांनी उपवास सुरू झाल्यावर नेहमीप्रमाणे बास उघडले. आतली एक आडवी पट्टी सुटलेली निघाली. ती बसवून वाळेपर्यंत दोन आठवडे गेले. त्या गुरुवारी हवा कोरडी होती म्हणून त्यांनी फळी बसवायचे ठरवले आणि पहाटेच सरस चुलीवर चढवला.

कढणाऱ्या सरसाला मेलेल्या जनावराचा वास येतो. दर वर्षी तो दिवसभर वाडीत असे आणि शेजारी नाकाला पदर लावून मामांना चार शब्द सुनावत. तपासणी पथक त्या सकाळी वाडीच्या तोंडाशी आले: एक गोरा शिपाई, एक देशी डॉक्टर, एक कारकून, आणि चुन्याचे डबे व पिचकारीचा पंप घेतलेले चार मजूर. शेजाऱ्यांनी मला सांगितले की, त्या ओळीतली बाकीची घरे पथकाने दारातूनच पाहिली. मामांच्या घरापाशी शिपायाने नाक धरले. कारकुनाने विचारले, “आत काय मेलंय?”

मी आवाज ऐकून खाली उतरलो तेव्हा डॉक्टरने मामांना ओसरीवर सदरा काढायला लावला होता. मामा सकाळपासून चुलीपुढे वाकून बसलेले, अंग घामाने निथळत होते. डॉक्टरने थर्मामीटर लावला. मग हात वर करायला सांगितला आणि काखेतली गाठ पाहिली.

“ही कधीपासून?”

“पंधरा वर्सं झाली, डॉक्टरसाहेब. आता नाव ठेवायचं तेवढं बाकी हाय.”

डॉक्टर हसला नाही. “ताप आहे.”

“ताप चुलीचा हाय, साहेब. माझा नाय.”

मी पुढे होऊन सांगितले की, गाठ जुनी आहे, मी स्वतः पाच वर्षे पाहत आलो आहे, वाडीतला कोणीही सांगेल.

“आपण वैद्य आहात?”

“नाही. वर्तमानपत्रात आहे.”

“मग हे छापा,” डॉक्टर म्हणाला आणि कारकुनाला नाव लिहून घ्यायला सांगितले. त्याच्या डोळ्यांखाली काळे पडले होते. त्या दिवसातले ते कितवे घर होते मला माहीत नाही.

मामांनी अर्धा तास मागितला. सरस तयार आहे, फळी बसवून दोऱ्या आवळल्या की येतो, उघडी राहिली तर वाकेल, असे त्यांनी दोनदा सांगितले. कारकुनाने ते शिपायाला इंग्रजीत सांगितले. शिपायाने चुलीवरच्या भांड्यात डोकावले आणि ते उचलून गटारात रिकामे केले.

“घरात आणखी कोण?”

संशयिताच्या घरातल्या इतरांनाही छावणीत नेत. मागदूबाई तेव्हा भायखळ्याच्या बाजारात गेल्या होत्या. मामा म्हणाले, “मी एकटाच.” शेजाऱ्यांनीही तेच सांगितले. मीही नाही म्हटले नाही.

मजुरांनी पंप लावला. मी बासचे धूड आणि फळी, दोन खेपांत, गल्ली ओलांडून माझ्या जिन्यात ओढून नेली. दुसऱ्या खेपेला परतलो तेव्हा मामा गाडीत बसले होते. पाणी लागू नये म्हणून त्यांनी कमान बरोबर घेतली होती. ते मला म्हणाले, “फळी आडवी ठेवा, भाऊ. उभी नको.” गाडी निघाली. मागदूबाई अकरा वाजता परतल्या. भिंतींचा चुना तोवर ओला होता.

त्या दिवशी संध्याकाळी मी संपादकांच्या सहीचे पत्र घेऊन प्लेगच्या कचेरीत गेलो. पत्र ठेवून घेतले गेले. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून दिला. तोही ठेवून घेतला गेला. तिसऱ्या दिवशी मला सांगण्यात आले की, संशयितांना दहा दिवस ठेवतात आणि गरज वाटल्यास आणखी. गाठीचा खुलासा कोणाकडे करायचा, याचे उत्तर मिळाले नाही.

छावणी भोईवाड्याच्या पलीकडे मोकळ्या जागेत होती. बांबूच्या झोपड्या, भोवती बांबूचेच कुंपण. दुपारी नातेवाइकांना कुंपणापाशी उभे राहू देत. मागदूबाईंना नेणे धोक्याचे होते, म्हणून मी एकटा गेलो. मामा कमान हातात घेऊन आले. दाढी वाढली होती.

“कसे आहात?”

“मोजतोय. सकाळ-संध्याकाळ तापाची नळी लावतात. दहा खण गप राहायचं. माझ्या बाजूच्याला काल नेलं. त्याला खरा होता.” मग लगेच, “फळी कुठं ठेवली?”

“माडीवर, खिडकीपाशी. आडवी.”

“खिडकीपाशी? ऊन येतं ना तिथं!” कुंपणापलीकडून ते इतक्या मोठ्याने ओरडले की पहारेकऱ्याने वळून पाहिले. “भाऊ, आज हलवा. आताच जा. नाय, थांबा. लिहून घ्या.”

मी वही काढली. त्यांचे म्हणणे असे होते: ग्लोरियाला बास उभे राहायचे तर फळी या आठवड्यात बसली पाहिजे. नव्या जोडावर लगेच तारा ताणता येत नाहीत, निदान आठ दिवस जावे लागतात. ते स्वतः तोवर सुटतील याचा भरवसा नाही. तेव्हा कोणी तरी चांगल्या हाताचा सुतार पाहावा. सरस रात्रभर भिजवावा, उकळी येऊ देऊ नये. काडी बुडवून वर धरली तर तार लोंबता कामा नये, थेंब पडला पाहिजे.

“पाण्यासारका पातळ. लिहिलंत?”

“लिहिलं.”

“वाचा.”

मी वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले.

लालबागहून मी रघू मेस्त्रीला आणले. मूळ मालवणकडचा, कपाटे आणि देव्हारे करणारा, हात स्वच्छ. त्याने फळीवर तळवा फिरवला आणि म्हणाला, “लाकूड काय ग्वाड आसा हो.” ऊन लागून फळी एका बाजूला किंचित वाकली होती. दाबून बसेल, असे तो म्हणाला. मी त्याला वहीतला कागद वाचून दाखवला. तो हसला.

“पातळ सरस? पान्यासारको? आणि उद्या सुटलो तर लोक माका विचारतले, ह्यां काम कोणाचां? माझ्या हातचो जोड आजून सुटलो नाय.”

मी म्हणालो, सुटावा म्हणूनच पातळ लावायचा आहे. हे वाक्य त्याला वेडगळ वाटले असावे. तो म्हणाला, “बरां, बगतंय मी. तुमी जावा.”

दुपारी दोन वाजता मला कचेरीत हजर व्हायचे होते. दुसरा सहकारी त्या दिवशी आला नव्हता. कागद मी मागदूबाईंच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हते, हे मला माहीत होते.

सहाला परतलो तेव्हा फळी बसली होती. चारी बाजूंनी शिकंजे आणि दोऱ्या आवळलेल्या. काम सुबक होते, कुठे केसाची फट नव्हती. भांड्यात थोडा सरस उरला होता. मी काडी बुडवून वर धरली. तार भांड्यापासून माझ्या छातीपर्यंत आली, तुटली नाही. रघू मेस्त्री हात पुसत होता. मागदूबाई त्याला चहा देत होत्या आणि आठवड्यात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काही बरे दिसत होते. मी काडी परत भांड्यात ठेवली.

मामांना पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवले. ते ईस्टरच्या आधीच्या बुधवारी चालत वाडीत आले. पोट छावणीतच बिघडले होते, चेहरा उतरला होता. घरात न जाता ते माझ्या माडीवर आले. बास उभे होते, तारा सैल चढवलेल्या. त्यांनी अंगठ्याचे नख जोडावर टेकवले आणि वरून खालपर्यंत, सावकाश, पूर्ण कडेने फिरवले. मग बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिले.

“कोनी केलं?”

“रघू मेस्त्रीने. लालबागच्या.”

“हात चांगला हाय.” त्यांनी नख पुन्हा जोडावर टेकवले. “हा उघडनार नाय.”

मी सरसाचे सांगितले. काडीचेही सांगितले. त्यांनी मान हलवली. “तुमी काय करनार? तुमी सुतार नाय.” मग म्हणाले, “आता वेळ नाय. ग्लोरिया होऊ दे. पावसाच्या आधी मी उघडतो. ह्याला भिजवून भिजवून उघडायला पायजे, चार दिवस लागतील.”

शनिवारी मी चर्चच्या दारात उभा होतो. बाकांवर निम्मी माणसे होती. घंटा वाजल्या, वाद्ये सुरू झाली. मामांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. बरोबर खणात शिरले. सूर बाकाच्या लाकडातून माझ्या हाताला कळला. मागदूबाई पुढे बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

त्यानंतर पोट सुधारले नाही. एप्रिलच्या अखेरीला त्यांनी बास ओसरीवर आडवे घेतले, सुरी काढली, पाण्याची वाटी ठेवली. मी खिडकीत होतो. सुरी जोडात शिरली नाही, घसरून फळीवर बोटभर ओरखडा उठला. त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा घसरली. मागदूबाईंनी बाहेर येऊन सुरी काढून घेतली.

“म्हातारीला मारशील. आधी नीट जेव, मंग उघड.”

“दे ती.”

“नाय देत.”

“मागदू, दे. दिवस नायत.”

त्या सुरी घेऊन आत गेल्या. मामा फडक्याने ओरखडा पुसू लागले.

मी खाली जाऊन म्हणालो, मी तुमच्या सांगण्याप्रमाणे करून पाहतो. त्यांनी माझे हात उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “तुमचे हात लिहिनाऱ्याचे. राहू दे.” काळबादेवीला वाद्ये दुरुस्त करणारा एक जण होता. मी दोनदा जाऊन आलो. दुकानाला कुलूप होते. तो गोव्याला गेल्याचे शेजारच्या दुकानदाराने सांगितले.

मे महिन्यात ते अंथरुणावरून उठेनासे झाले. मी रोज कचेरीतून आल्यावर बसत असे. ते विचारत, “पावसाची खबर काय? तुमच्या पेपरात येते ना?”

“मलबारच्या किनाऱ्याकडून तार आलेली नाही अजून.”

“थोडं थांबवा,” एके दिवशी ते म्हणाले. “पेपरवाले तुमी. थोडं थांबवा म्हनून लिहा.” मग आपणच हसले, आणि हसताना त्यांना कळ आली.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, ते वारले. दाखल्यावर अतिसार लिहिला आहे. गाठीचा उल्लेख नाही.

मी पुन्हा रघू मेस्त्रीकडे गेलो आणि जोड उघडून द्यायला सांगितले. तो आधी रागावला, मग मुद्दाम येऊन जोड पाहून गेला. “आता उघडूक गेल्यार फळी सोबत येतली. माज्यान जमाचां नाय. कोणाच्यान जमाचां नाय.” चर्चमध्ये बास वाजवणारे दुसरे कोणी नव्हते. पाद्रीबाबांनी, वाद्य घरीच असू द्या, असे सांगितले. मागदूबाईंनी ते ओसरीवरून आतल्या खोलीत घेतले. पावसाचे चार महिने त्याच्या शेजारी विस्तवाची शेगडी ठेवली. मामा ठेवत तेवढ्याच अंतरावर. तारांना तेल लावत राहिल्या. पोटातली कडुलिंबाची पाने बदलली.

पावसाळ्यात काही झाले नाही. गणपतीच्या दिवसांत रघू मेस्त्री या बाजूला आला होता. तो वाडीत डोकावला, जोडावर बोट फिरवले आणि मला म्हणाला, “बगितल्यात? केसभर हललो नाय.” मागदूबाईंनी त्याला चहा दिला.

त्या वर्षी मार्गशीर्षात उत्तरेचा कोरडा वारा चार-पाच दिवस सारखा सुटला होता. एका दुपारी मागदूबाईंनी मला गल्लीतून हाक मारली. त्या चुलीपाशी होत्या, आतून वेत मोडल्यासारखा एकच आवाज आला, असे त्यांनी सांगितले. मी कचेरीतली मोजपट्टी घेऊन गेलो. उजव्या बाजूच्या स्वररंध्रापासून, म्हणजे फळीतल्या आवाज बाहेर पडायच्या भोकापासून, खालच्या कडेपर्यंत फळी उभी फाटली होती. चीर साडेचौदा इंच भरली. जोड मी दिवा धरून चारी बाजूंनी पाहिला. तो कुठेही उघडलेला नव्हता.